रायझेन ७ ७८००एक्स३डी की कोअर आय७-१४७००के?

दोन्ही कॉम्प्युटरचे प्रोसेसर, पहिला एएमडीचा, दुसरा इंटेलचा. नुसता गेमिंगचा पीसी जोडायचा असेल तर मी डोळे झाकून रायझेन घेईन. कोअर आठच, पण एल३ कॅशे (चिपमधलीच वेगवान मेमरी) ९६ एमबी. गेमला लागणारा बराचसा डेटा रॅमपर्यंत न जाता तिथेच सापडतो. टीडीपी (कूलरने किती उष्णता हटवायची त्याचा आकडा) १२० वॉट, बऱ्या एअर कूलरवर भागतं.

इंटेलकडे २० कोअर, २८ थ्रेड (एका वेळी चालवता येणारी कामं). रोज व्हिडिओ रेंडर करणाऱ्याने तीच चिप घ्यावी. मात्र पूर्ण जोरात ती २५३ वॉटपर्यंत खाते; कूलर दांडगा हवा (उन्हाळ्यात खोलीला पंखाही). बसवल्या बसवल्या बायोस (मदरबोर्डचं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करा, या चिपच्या व्होल्टेजच्या दुखण्यावरचा मायक्रोकोड (चिपच्या आतल्या कोडची दुरुस्ती) २०२४ मध्ये आलाय.

शिवाय इंटेलच्या या चिपच्या एलजीए१७०० सॉकेटची (बोर्डावर चिप बसते ती जागा) गाडी इथेच थांबते. रायझेनच्या एएम५ सॉकेटच्या बोर्डावर मात्र बायोस अपडेट करून रायझेनची पुढची ९००० मालिकाही बसते.