फ्लाय बांधण्याचा दोरा: नायलॉन, पॉलिस्टर आणि जेलस्पन यांचा अनुभव

फ्लाय म्हणजे गळावर पिसे, केस वगैरे दोऱ्याने बांधून केलेले मासेमारीचे कृत्रिम आमिष. हिमाचलातील तीर्थन खोऱ्यातील ट्राउट माशांसाठी १४ ते १८ क्रमांकाच्या बारीक गळांवर लहान फ्लाय आणि कोकणातील खाड्यांतल्या जिताड्यासाठी १/० क्रमांकाच्या मोठ्या गळावर क्लाउझर मिनो ही लहान माशासारखी दिसणारी फ्लाय, अशी दोन टोकांची कामे मी करतो. गेल्या पावसाळ्यापासून त्यांसाठी तीन प्रकारचे दोरे वापरत आहे. कोणता दोरा अधिक मजबूत, हा प्रश्न मला आता दुय्यम वाटतो. दोरा गळावर सपाट बसतो की गोल राहतो आणि तो किती ताणला जातो, यावरच फ्लायची घडण ठरते.

रिळावरील जाडीच्या ६/० किंवा ८/० या आकड्यांवर विसंबून खरेदी करू नये. आकडा वाढेल तसा दोरा बारीक होतो हे खरे, पण ती तुलना एकाच कंपनीच्या रिळांपुरती चालते. एका उत्पादकाचा ६/० सुमारे ७० डेनिअरचा असतो, तर दुसऱ्याचा जवळपास १३५ डेनिअरचा. डेनिअर म्हणजे ९,००० मीटर दोऱ्याचे ग्रॅममधील वजन. हे कापडधंद्यातले माप असून दोऱ्याची निवड त्यावरूनच करणे योग्य.

माझे सर्वाधिक काम यूटीसी या ब्रँडच्या ७० डेनिअर नायलॉनवर झाले. या दोऱ्याला जवळजवळ पीळ नसल्यामुळे तो पट्टीसारखा पसरतो आणि १८ क्रमांकाच्या गळावरही फ्लायचे डोके लहान राहते. मात्र उजव्या हाताने घेतलेला प्रत्येक वेढा दोऱ्यात थोडा पीळ भरत जातो, म्हणून अधूनमधून बॉबिन (दोऱ्याचे रीळ धरणारे साधन) लोंबकळत सोडून, वरून पाहताना घड्याळाच्या उलट दिशेने फिरवावी लागते. ही सवय लागली की त्याच दोऱ्याचे दोन दोरे होतात: पीळ उलगडला की अंगासाठी सपाट, पीळ भरला की पीस घट्ट पकडण्यासाठी गोल. नायलॉन तुटण्यापूर्वी ताणला जातो आणि बोटांना ती सूचना वेळेवर मिळते; नवशिक्यासाठी हा गुण फार मोलाचा आहे.

पॉलिस्टरचा ८/० दोरा, म्हणजे सुमारे ७२ डेनिअर, कमी ताणला जातो. मेण लावलेला असेल तर त्याचे वेढे घसरत नाहीत, त्यामुळे हॅकलचे, म्हणजे फ्लायभोवती गुंडाळायचे, पीस बांधताना मी तोच घेतो. डोके मात्र किंचित जाड होते.

जेलस्पन हा पॉलिएथिलीनचा दोरा वेगळ्याच जातीचा आहे. त्याच जाडीच्या नायलॉनपेक्षा तो कितीतरी मजबूत असतो आणि जवळजवळ ताणला जात नाही, म्हणून क्लाउझरचे डंबेलच्या आकाराचे जड डोळे इंग्रजी आठाच्या वेढ्यांनी जखडताना पूर्ण जोर लावता येतो. पण तो गुळगुळीत असल्याने वेढ्यांखाली सुपरग्लूचा थेंब लागतोच, नाहीतर जिताड्याच्या एका धडकेने डोळे गळाभोवती फिरतात. बोथट कात्री त्याला कापत नाही, आणि जोर जास्त झाला तर मऊ कृत्रिम केस तो स्वतःच कापून टाकतो. त्यावर रंगही नीट धरत नाही. मी पांढरे रीळ घेऊन शेवटच्या वेढ्यांपुरता दोरा मार्करने रंगवतो. फिक्या नायलॉनच्या बाबतीत अडचण निराळी आहे: ओला झाल्यावर त्यातून गळाचा काळा दांडा दिसू लागतो, म्हणून पिवळ्या किंवा नारिंगी अंगाखाली आधी पांढऱ्या दोऱ्याचा थर द्यावा लागतो.