पहिली ख्रिस्ती कथा: बेथलेहेमचं शेत की माहीमचा बुधवार?

मराठीत ख्रिस्ती श्रद्धेची कथा पहिल्यांदा लिहायला घेतली की प्रश्न पडतो: बायबलमधलं पात्र घेऊन त्या काळातली कथा लिहावी, की आजच्या मुंबईतल्या एखाद्या ख्रिस्ती घरातली? बहुतेकांचा हात बायबलकडे वळतो, कारण कथानक आयतं मिळतं. आमचं मत उलट आहे. कथानक आयतं मिळतं म्हणूनच ही वाट नवख्याला जड जाते.

बायबलमधलं रूथचं पुस्तक घ्या. चार अध्याय, 85 वचनं, एका बैठकीत वाचून होतं. पण शेवट वाचकाला पाठ आहे: रूथ बवाजशी लग्न करते, ओबेद जन्मतो, आणि राजा दावीद हा ओबेदचा नातू. ‘पुढे काय होणार’ ही उत्सुकता तुमच्या हातात राहत नाही. हातात राहतं ते मजकुराने न सांगितलेलं. रूथची सासू नामी, तिची दुसरी सून अर्पा सासूचा निरोप घेऊन आपल्या देशात, मवाबात परतली. त्यानंतर तिच्याबद्दल एक अक्षरही नाही. तुमची कथा अशा फटीत असते. ती न शोधता चारही अध्याय संवाद घालून पुन्हा लिहिले, तर वाचक म्हणतो, मग मूळच वाचतो.

दुसरी अडचण तपशिलांची. रूथ आणि नामी सातूच्या हंगामाला बेथलेहेमात आल्या आणि रूथने गव्हाचा हंगाम संपेपर्यंत सरवा, म्हणजे कापणीत मागे राहिलेली कणसं, वेचला. एप्रिल ते जूनच्या सुमाराचा हा काळ तिकडे कोरडा असतो. मुंबईकर लेखक नकळत शेवटच्या प्रसंगात आभाळ भरून आणतो आणि तिथेच फसतो. बायबलमधल्याच ‘पहिले शमुवेल’ या पुस्तकाच्या 12व्या अध्यायात गव्हाच्या कापणीत मेघगर्जना आणि पाऊस होतो, तो चमत्कार म्हणूनच. रूथने पहिल्या दिवशी झोडपून काढलेला सातू एफाभर भरला. एफा हे माप साधारण 22 लिटरचं धरतात. म्हणजे 12-13 किलोचं ओझं उचलून ती सासूकडे गेली. एवढं कळलं की तिचा थकवा वेगळा लिहावा लागत नाही. बवाज तिला भाजलेलं धान्य देतो. तिथे ‘हुरडा’ शब्द सुरेख बसतो, फक्त वाचकाच्या डोळ्यांसमोर ज्वारीचं कणीस येणार नाही एवढं जपा. मिरची, टोमॅटो, बटाटा, मका ही अमेरिकेतून आलेली पिकं. त्या स्वयंपाकघरात ती नकोत. आणि पात्राने ‘स्तोत्र 23, वचन 4’ असं म्हणू नये. अध्यायांचे आजचे आकडे 13व्या शतकातले, तर नव्या कराराच्या वचनांचे 1551 सालचे.

नामी की नाओमी, बवाज की बोआज, हे पहिल्याच पानावर ठरवा. भाषांतरागणिक नावं बदलतात आणि अर्ध्या कथेत रूप बदललं तर वाचक अडखळतो.

आजच्या मुंबईच्या कथेत हा अभ्यास लागत नाही, पण दुसरा लागतो. ‘ख्रिस्ती कुटुंब’ एवढं म्हणून भागत नाही. अहमदनगरकडून मुंबईत आलेल्या प्रोटेस्टंट घरात साळवे, गायकवाड अशी आडनावं भेटतात. तिथे पाळक (धर्मगुरू), मंडळी (चर्चचा समुदाय), उपासना, प्रभुभोजन, साक्ष (श्रद्धेचा अनुभव सांगणं) हे शब्द रोजचे. कॅथलिक घरात फादर, मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना), ख्रिस्तप्रसाद, नोव्हेना (नऊ वेळा करायची प्रार्थना). मंडळीतल्या बाईच्या तोंडी ‘मिस्सेला जाते’ आलं की जाणता वाचक पुस्तक मिटतो. प्रत्येक पात्राला डिसोझा करणं ही तर नेहमीचीच चूक. कॅथलिक बायबलात 73 पुस्तकं आहेत, प्रोटेस्टंट बायबलात 66. त्यामुळे मंडळीतल्या आजीबाई फक्त कॅथलिक बायबलात असलेल्या तोबितच्या पुस्तकातलं वचन सहजी सांगणार नाहीत.

जागाही नेमकी हवी. माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये बुधवारच्या नोव्हेनाला सगळ्या धर्मांची माणसं येतात. वांद्र्याला माउंट मेरीचा सण 8 सप्टेंबरला आणि त्याला जोडून जत्रा. तिथे घर, हात, पाय अशा आकाराच्या मेणाच्या वस्तू वाहतात. ज्याच्या पायाचं दुखणं आहे तो मेणाचा पाय विकत घेतो. अशी एक वस्तू पात्राच्या हातात दिली तर नवस, भीती, आशा यांवर वेगळा परिच्छेद लागत नाही.

मुंबईच्या कथेचा खरा धोका उत्तर मिळालेल्या प्रार्थनेचा. नोकरी गेली, प्रार्थना केली, फोन आला, कथा संपली. यावर एक चाचणी आहे. प्रार्थनेचा प्रसंग खोडून कथा वाचा. पात्राचे निर्णय तेच राहत असतील, तर प्रार्थना सजावटीपुरती होती. प्रार्थनेनंतर माणसाने काहीतरी वेगळं, महागात पडणारं करायला हवं: खोटं बिल कबूल करणं, भावाच्या दारात जाणं. योगायोग आरंभी येऊन अडचण निर्माण करत असेल तर चालतो, शेवटी येऊन ती सोडवत असेल तर नाही. आजाराच्या कथेत औषधं बंद करून बरं झालेलं दाखवू नका. कोणी वाचक ते खरं धरून चालेल. आणि शेजारच्या हिंदू किंवा मुस्लिम घरात शांती नाहीच, असं गृहीत धरून लिहिलेली पात्रं अन्यायकारक असतात, शिवाय निर्जीवही.

मनपरिवर्तनाला किती वेळ लागतो याचं सर्वांत चांगलं शिक्षण लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’ देतं. ते आत्मचरित्र आहे, कादंबरी नव्हे, तरी आधी तेच वाचा. त्यांचे पती, कवी ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा 1895 साली मुंबईत झाला आणि लक्ष्मीबाईंचा 1900 साली. मधली पाच वर्षं घरातल्या साध्या प्रसंगांतून सरकतात. आपल्या कथांमध्ये तेच पाच ओळींत उरकतं. बायबलकालीन कथा लिहिणाऱ्याने ‘ख्रिस्तपुराण’ चाळावं. फादर थॉमस स्टीफन्स यांचा हा ग्रंथ 1616 साली छापला गेला. जवळपास 11 हजार ओव्यांत परक्या देशाची गोष्ट मराठी कानाला कशी लावली ते त्यात दिसतं. बाबा पदमनजींचं ‘यमुनापर्यटन’ (1857) दोघांनीही वाचावं, विशेषतः कळकळ आणि वादविवाद एकत्र आले की कथेचं काय होतं ते पाहायला.

एकोणिसाव्या शतकातली मुंबई हा तिसरा पर्याय मोहक आहे, पण दोन्हीकडची मेहनत मागतो. एकच उदाहरण: इथल्या मूळ कॅथलिकांच्या ‘बॉम्बे ईस्ट इंडियन असोसिएशन’ची स्थापना 1887 सालची, 1860 सालच्या गिरगावातलं पात्र स्वतःला त्या अर्थाने ‘ईस्ट इंडियन’ म्हणवून घेत असेल तर काळ चुकला. पहिल्या कथेला हे नको.

हाताशी सहा आठवडे असतील तर मुंबईची कथा घ्या: 2,000 ते 2,500 शब्द, एक घर, एक निर्णय, जास्तीत जास्त दोन वचनं. पाळकांचं बोलणं सलग चार ओळींपुढे गेलं की तोडा. बायबलकालीन कथेला सहा-आठ महिने द्या, आणि त्यातले पहिले दोन फक्त वाचनाला. प्रवचनाची सवय असलेल्यांना मात्र बायबलकालीन वाट बरी पडते. तिथला मजकूरच त्यांना उपदेशापासून थोडा आवरतो.

वचनं कुठून घ्यायची हेही आधी ठरवा. भारतात लेखकाच्या निधनानंतर 60 वर्षं हक्क राहतात. पंडिता रमाबाईंचं निधन 1922 सालचं, त्यामुळे त्यांचं बायबलचं भाषांतर खुलं आहे, पण भाषा जुनी. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं ‘सुबोध बायबल’ 2010 सालचं आणि त्यांचं निधन 2024 सालचं, म्हणजे तिथून लांब उतारे घ्यायचे तर परवानगी हवी. बायबल सोसायटीची आवृत्ती वापरणार असाल तर आतल्या पानावरची हक्कांची सूचना वाचून पत्र पाठवा. परवानगीची वाट पाहायची नसेल तर पात्राला वचन स्वतःच्या शब्दांत, अर्धवट आठवलेलं म्हणू द्या. घरात माणसं ते बहुधा तसंच म्हणतात.