जमिनीखालच्या लूपची गळती: दुरुस्तीनंतरचे नऊ महिने

हीट पंप, म्हणजे जमिनीतली ऊब घरात आणणारं यंत्र, कोणता घ्यावा यावर हवं तेवढं वाचायला मिळतं. त्याची जमिनीत पुरलेली, द्रव फिरवणारी बंद नळी, म्हणजे लूप, गळायला लागली की काय करायचं, यावर मात्र मला धड काही सापडलं नव्हतं. म्हणून दुरुस्ती झाल्यावर लगेच लिहायला बसले नाही. एक उन्हाळा जाऊ दिला, थंडी पुन्हा सुरू होऊ दिली. आता नऊ महिने झालेत, तेव्हा लिहिते.

आधी आमची मांडणी सांगते. चार उभे बोअर, प्रत्येक ६० मीटर खोल. प्रत्येकात ३२ मिलिमीटरची काळी पॉलिएथिलीन नळी खाली जाऊन यू-बेंडमधून वर येते. चारही बोअर जमिनीतच एका हेडरला, म्हणजे फांद्या एकत्र करणाऱ्या नळीला, जोडलेत आणि तिथून दोन जाड नळ्या भिंतीतून आत, हीट पंपापर्यंत. सगळं मिळून पोटात साधारण २८० लिटर द्रव: पाणी आणि २५ टक्के प्रॉपिलीन ग्लायकॉल. एवढं ग्लायकॉल असलं की ते उणे १० अंशांच्या आसपासपर्यंत गोठत नाही.

दोन वर्षं तक्रारीला जागा नव्हती. तिसऱ्या हिवाळ्यात पंपातून गुळगुळ आवाज यायला लागला, कुणीतरी चूळ भरतंय तसा. मग ऐन थंडीच्या रात्री यंत्र 'फ्रीझ फॉल्ट' (गोठण्याचा धोका) दाखवून बंद पडू लागलं. मी धावत जाऊन गेज बघायचे. काटा दीड बारवर ठाम. दाब आहे म्हणजे गळती नाही, असा हिशोब मी मनाशी करून टाकला होता.

इथेच फसले. बसवणाऱ्यांनी लूपला नळाच्या पाण्याची ऑटोफिल लाइन जोडून दिली होती आणि तिचा व्हॉल्व्ह उघडाच ठेवला होता. दाब जरा उतरला की ती गुपचूप पाणी भरायची. पाणी जमिनीत जात होतं, नळातून तेवढंच येत होतं आणि काटा जागचा हलत नव्हता. बंद लूपचा काटा ऋतूप्रमाणे हलायलाच हवा, हे मला फार उशिरा कळलं.

रिफ्रॅक्टोमीटरवर, म्हणजे ग्लायकॉल किती आहे ते दाखवणाऱ्या उपकरणावर, थेंब टाकल्यावर खरं काय ते दिसलं. ग्लायकॉल २५ वरून १० टक्क्यांवर आलं होतं, म्हणजे उणे ३ अंशांच्या सुमारास गोठणारं पाणी. मी वहीत आकडेमोड केली: इतकं पातळ व्हायला जवळजवळ अडीचशे लिटर बाहेर जायला हवं, म्हणजे आत जितकं आहे जवळपास तितकंच. ताज्या पाण्यासोबत विरघळलेली हवाही आत येत राहिली. गुळगुळ तिचीच. हवेने प्रवाह कमी केला आणि म्हणून यंत्र थंडीत कुडकुडून बंद पडत होतं. येणाऱ्या आणि जाणाऱ्या पाण्याच्या तापमानातला फरक ४ अंशांवरून ७ वर गेला होता. ती नोंद माझ्याच वहीत होती, पण अर्थ लावायची अक्कल नव्हती.

पहिले आले त्यांनी लूपमध्ये गळती बुजवणारं दुधाळ रसायन ओतलं. "पंधरा दिवसांत आपोआप बंद होईल." पंधरा दिवसांत बंद झाली ती गाळणी. जाळीवर चिकट साय धरली होती, ती मी स्वतः जुन्या टूथब्रशने खरवडली. हीट एक्स्चेंजरच्या (लूपमधली उष्णता यंत्रात घेणाऱ्या भागाच्या) अरुंद वाटांमध्ये असलं काही सोडायला मी आता कुणालाही हात लावू देणार नाही. नळीला भेग असेल तर ती कापून नवा तुकडाच जोडावा लागतो.

दुसरा फिटर आला तो पोरसवदा, पण कामाचा. आल्याआल्या ऑटोफिल बंद केलं. मग घरातली बाजू आणि जमिनीतली बाजू व्हॉल्व्हने वेगळी करून दोन्हींवर स्वतंत्र गेज लावले. म्हणाला, "काकू, बहुतेक वेळा गळती आतच सापडते, पंपाच्या फ्लॅंजला नाहीतर पितळी आट्यांना. आधी खणत सुटायचं नाही." रात्रभर ठेवलं. आतला काटा जागेवर, बाहेरचा सकाळी पाऊण बारवर. म्हणजे गळती जमिनीतच.

आता प्रत्येक बोअर वेगळा तपासायचा तर हेडरवर व्हॉल्व्ह हवेत. आमच्याकडे ते नव्हते. हेडर मातीत पुरून वर हिरवळ लावलेली. बसवताना थोडे व्हॉल्व्ह आणि वर एक झाकण टाकलं असतं तर अर्ध्या दिवसाचं काम होतं, त्याला तीन दिवस लागले. माझा सगळ्यात मोठा राग यावरच आहे.

मग लूप रिकामं केलं. ग्लायकॉलचं पाणी त्याने पिंपांत भरून नेलं, गटारात सोडू दिलं नाही. नळीत ५ टक्के हायड्रोजन आणि ९५ टक्के नायट्रोजनचं मिश्रण कमी दाबाने भरलं. हायड्रोजनचं नाव ऐकून मी चार पावलं मागे सरकले, पण एवढ्या पातळ मिश्रणाला आग लागत नाही. हा वायू मातीतून सहज वर झिरपतो. नळीच्या वाटेवर सळईने भोकं पाडत तो हुंगणारं यंत्र फिरवत गेला. भिंतीपासून तीन पावलांवर यंत्र किंचाळलं, तिथे खणलं, तर नळी कोरडी ठणठणीत! वायू सरळ वर येतोच असं नाही, चरातल्या भुसभुशीत भरावातून आडवा पळतो आणि जिथे वाट मिळेल तिथे डोकं काढतो. खरी जागा मीटरभर पुढे निघाली, हेडरच्या पहिल्याच सांध्याशी.

तो कापलेला सांधा माझ्या टेबलावर आहे. बसवताना नळी आणि सॉकेट तापवून एकमेकांत दाबताना कुणीतरी उशीर केला होता. एका बाजूला वितळलेल्या प्लॅस्टिकची कड छान गोल आली आहे, दुसऱ्या बाजूला कडच नाही, नळी पूर्ण आत गेलेलीच नाही. दोन वर्षं जेमतेम धरून राहिला आणि माती बसल्यावर केसाएवढी चीर पडली.

नवा सांधा इलेक्ट्रोफ्युजनने, म्हणजे जोडणाऱ्या बाहीतून (कपलरमधून) वीज सोडून प्लॅस्टिक वितळवून, केला, आणि तो करताना मी खड्ड्याच्या काठावर बसून पाहिला. आधी नळीच्या टोकावर मार्करने फुल्याफुल्यांची जाळी काढली. मग स्क्रेपरने वरचा पापुद्रा सोलायला घेतला. पेन्सिल तासताना निघतात तशा काळ्या रिबिनी. जाळीचा एकही ठिपका उरता कामा नये, उरला तर तिथला हवेने जुना झालेला थर तसाच आहे असं समजायचं. अल्कोहोलने पुसल्यावर त्याने मला बजावलं, "आता बोट लावू नका, हाताचं तेलही चालत नाही." नळीतून पाणी थेंब थेंब येतच होतं. ओल्यात जोडलं तर वाफ होऊन सांध्यात पोकळ्या राहतात. म्हणून व्हॅक्यूमने ओढून घेतलं, थांबला, पुन्हा ओढलं. तासभर त्यातच गेला. मग कपलर बसवला, क्लॅम्प आवळले, बारकोड वाचून यंत्राने स्वतःच वेळ ठरवला आणि कपलरवरच्या दोन बारीक टिकल्या वर उचलल्या. "आता वीस मिनिटं याच्याकडे नुसतं बघायचं. क्लॅम्पला हात लावायचा नाही." बघत बसलो.

प्रेशर टेस्टबद्दल एक सांगायला हवं. ही नळी दाबाने फुगते, त्यामुळे पहिले तीन-चार तास काटा आपोआप उतरतो. माझ्या पोटात गोळा आला होता. त्याने पुन्हा दाब भरला, आणि नंतर मात्र काटा रात्रभर हलला नाही. त्याच खड्ड्यात चारही बोअरना व्हॉल्व्ह लावून घेतले, वर झाकण केलं. नळीखाली वाळू, वर इशाऱ्याची पट्टी, आणि बुजवण्याआधी भिंतीच्या दोन कोपऱ्यांपासून टेप धरून मोजलेले फोटो.

हवा काढायला त्याने मोठा फ्लशिंग पंप आणला. नळीत पाणी सेकंदाला ०.६ मीटर तरी धावलं पाहिजे, नाहीतर बुडबुडे यू-बेंडपलीकडे अडकून राहतात. आमच्या चार फांद्यांना मिळून मिनिटाला ७६ लिटर लागतात, घरच्या छोट्या पंपाचं ते काम नव्हे. दोन्ही दिशांनी फिरवलं. गाळणीच्या पिशवीत त्या दुधाळ रसायनाचे गोळे आणि पंपाचा तांबूस गंज आला.

आता नऊ महिन्यांची वही. भरताना लूप १२ अंशांवर, दाब २ बार. उन्हाळ्यात लूप २८ वर गेलं आणि दाब १.४. मी लगेच फोन लावला. तो हसला. तापल्यावर पाणी फुगतं, पण ही नळी त्याहून जास्त फुगते, म्हणून उन्हाळ्यात काटा उतरतो आणि थंडीत चढतो. आज लूप ७ अंशांवर आहे, काटा २ च्या किंचित वर. त्यामुळे आता दाब लिहिताना शेजारी तापमान लिहितेच. ग्लायकॉल तपासलं, २५ टक्के. येणाऱ्या-जाणाऱ्या पाण्यातला फरक पुन्हा ४ अंश. गुळगुळ नाही, फॉल्ट एकदाही नाही.

कुरबूर आहेच. चरावरची माती दोनदा खचली, दोनदा भर घातली, हिरवळीवर अजून टक्कल आहे. आणि गळती बोअरच्या तळाशी असती तर यातलं काहीच करता आलं नसतं. ६० मीटर खाली कोण खणणार? तो बोअर कायमचा बंद करून उरलेल्या तिघांवर भार टाकायचा, एवढाच मार्ग होता. तशी वेळ आलीच तर निदान आता व्हॉल्व्ह आहेत.

ऑटोफिलची लाइन बंदच आहे. तिच्या व्हॉल्व्हचं हँडल मी काढून ड्रॉवरमध्ये टाकलंय.