‘क्यूआर तिथे उतरल्यावरच स्कॅन करा’: थायलंडच्या सहलीत आम्ही कसे फसलो

मे महिन्यात आम्ही चौघं थायलंडला जाऊन आलो. मी, नवरा, दहावीची परीक्षा दिलेली लेक आणि सत्तरी गाठलेल्या सासूबाई. निघण्याआधी मोबाइल डेटा आणि सवलतीची व्हाउचर असं एकत्र पॅकेज घेतलं होतं, ‘थायलंड फॅमिली कॉम्बो’, १५,९९९ रुपये. त्यातलं काहीही चाललं नाही. हे मी इतके दिवस चार लोकांतच बोलत होते. आज लिहायला का बसले, ते शेवटी सांगते.

कॉम्बोत काय होतं ते आधी सांगते. दोन फोनसाठी आठ दिवसांचं ‘अनलिमिटेड’ ई-सिम (म्हणजे कार्ड न घालता, क्यूआर कोड स्कॅन करून फोनमध्ये टाकायचं सिम), २,२०० रुपये. बँकॉकच्या चाओ फ्राया नदीवरच्या डिनर क्रूझची चार व्हाउचर, ५,२०० रुपये. सफारी वर्ल्ड या तिथल्या प्राणी उद्यानाची चार तिकिटं, ७,६०० रुपये. आणि मॉलमधल्या खरेदीवर सवलत देणारा एक ‘कूपन पॅक’, ९९९ रुपये. भाव फार कमी नव्हते. फार स्वस्त असतं तर नवऱ्याने हातच लावला नसता. बाहेरच्या दरापेक्षा वीस-पंचवीस टक्के कमी, एवढंच.

विकणारा माणूस आम्हाला माझ्या शाळेतल्या एका मॅडमच्या भावाकडून कळला. त्याने डिसेंबरात त्याच्याकडूनच सगळं घेतलं होतं आणि सगळं व्यवस्थित चाललं होतं. हे खरं होतं. नंतर मला कळलं की या धंद्यात चांगलं सांगणारी माणसंही खरीच असतात. क्रूझचं एक खरं बुकिंग करायचं, त्याची पीडीएफ घ्यायची, वरचं नाव बदलायचं आणि तोच नंबर सात-आठ कुटुंबांना विकायचा. जे आधी पोचतात ते आत जातात, जेवतात, फोटो टाकतात आणि मनापासून शिफारस करतात. आपण मागून पोचतो.

पाडव्याच्या दिवशी पैसे भरले. यूपीआयवर नाव आलं ते त्याच्या ट्रॅव्हल्सचं नव्हतं, कुठल्याशा वेगळ्याच व्यक्तीचं होतं. मी नवऱ्याला म्हटलं, हे कोण? त्याने विचारलं. उत्तर आलं, “दादा, फर्मच्या खात्यात घेतलं तर जीएसटी लागतो, तुमचेच पैसे वाचवतोय.” मला ते पटलं नव्हतं. तरी मी गप्प बसले. त्या एका मिनिटाचं मला अजून वाईट वाटतं.

मग त्याने चौघांच्या पासपोर्टची पहिली आणि शेवटची पानं मागितली. परदेशी सिम भारतात विकायला दूरसंचार विभागाची परवानगी लागते आणि असे परवानाधारक विक्रेते पासपोर्टची प्रत घेतातच, त्यामुळे यात शंका येण्यासारखं काही नव्हतं. त्याच्याकडे ती परवानगी आहे का, एवढं मात्र आम्ही विचारलं नाही. २०२४ च्या जानेवारीत सरकारने अशी परवानगी नसलेल्या दोन मोठ्या परदेशी ई-सिम कंपन्यांची अ‍ॅप भारतात बंद करायला लावली होती. ही बातमी मी तेव्हा वाचलेली होती, पण पैसे भरताना ती आठवली नाही.

दोन दिवसांत सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर आलं. सोबत दोन सूचना होत्या. पहिली: “ई-सिमचा क्यूआर तिथे उतरल्यावरच स्कॅन करा, नाहीतर आठ दिवस इथूनच सुरू होतील.” दुसरी: “क्रूझवाल्यांना किंवा सफारीवाल्यांना फोन करू नका. हा एजंट रेट आहे, त्यांना कळलं तर बुकिंग रद्द करतील.”

या दोन वाक्यांवर सगळा खेळ उभा होता. पैसे दिले मार्चच्या शेवटी, वस्तू तपासून बघायची मे महिन्यात, तीही परक्या देशात, रात्रीच्या वेळी, सामान आणि म्हातारं माणूस सोबत असताना. मधल्या सहा आठवड्यांत आपण काहीच तपासू नये, याची सोय त्याने आधीच करून ठेवली होती. आणि पहिली सूचना धादांत खोटीही नाही. काही ई-सिमची मुदत फोनमध्ये टाकल्या क्षणापासून सुरू होते. पण बऱ्याच प्लॅनची मुदत तिथलं नेटवर्क पकडल्यावरच सुरू होते, आणि ते प्लॅनच्या माहितीत स्पष्ट लिहिलेलं असतं. असं ई-सिम घरच्या वायफायवर निघण्याआधीच टाकून ठेवता येतं. फोनच्या सेटिंगमध्ये ते दिसलं, म्हणजे निदान कोड खरा आहे एवढं तरी कळतं.

बँकॉकच्या सुवर्णभूमी विमानतळावर उतरलो तेव्हा तिथले रात्रीचे अकरा वाजून गेले होते. विमानतळाच्या वायफायवर नवऱ्याने क्यूआर स्कॅन केला. फोनवर आलं की हा कोड आता वैध नाही. माझ्या फोनवरही तेच. हॉटेलचा पत्ता, गाडीवाल्याचा नंबर, सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर आणि मेलमध्ये. वायफायच्या टप्प्यातून बाहेर पडलं की आमच्या हातात काहीच राहणार नव्हतं. सासूबाई बॅगेवर बसून होत्या, पाय सुजलेले. मी त्या विकणाऱ्याला मेसेज केला. “ताई, टेन्शन घेऊ नका, नेटवर्क इश्यू आहे, फोन बंद करून चालू करा.” पाच वेळा केला.

बाहेर येण्याच्या दालनात तिथल्या मोबाइल कंपन्यांचे काउंटर रात्रीही उघडे असतात. एका काउंटरवरच्या मुलीला मी आमचा क्यूआर दाखवला. तिने दोन्ही फोनवरचे क्यूआर शेजारी शेजारी धरले, मोठे करून बघितले आणि मोडक्या इंग्रजीत म्हणाली, हे दोन्ही एकच आहेत. मग एक बोट वर करून: एक कोड, एक फोन, एकदाच. आमच्या दोन फोनसाठी दोन कोडसुद्धा नव्हते. एकच कोड दोनदा पाठवलेला होता, आणि तो आमच्या आधी कुणीतरी वापरून संपवला होता. तिने पासपोर्ट घेतला, फोटो काढला आणि दहा मिनिटांत दोन टुरिस्ट सिम सुरू करून दिली. हे तिथे उतरल्यावर सहज मिळतं. फक्त आपलं भारतातलं सिम काढून ठेवावं लागलं तर बँकेचे ओटीपी येणं बंद होतं, तेवढं लक्षात ठेवा. आम्हाला पुढे दोनदा ती अडचण आली.

तरीही क्रूझवर आम्ही विश्वास ठेवून होतो. ई-सिमची गडबड झाली असेल, व्हाउचर तर छापील आहे, नंबर आहे, माझं नाव आहे, असं वाटत होतं.

सासूबाईंना त्या रात्रीचं फार अप्रूप होतं. नदीच्या काठी जे वाट अरुण देऊळ आहे, त्याला सूर्याचा सारथी अरुण याचं नाव आहे. त्या रोज सकाळी सूर्याला अर्घ्य देतात. परदेशात अरुणाचं देऊळ आहे आणि ते रात्री दिव्यांनी उजळलेलं बोटीतून दिसतं, हे लेकीने त्यांना सांगितल्यापासून त्यांनी त्यासाठी जांभळं इरकल वेगळं काढून ठेवलं होतं. ते नेसून त्या रिव्हर सिटीच्या धक्क्यावर, जिथून क्रूझ सुटते तिथे, आल्या होत्या.

तिथे टेबलामागे यादी घेऊन मुली बसतात, व्हाउचर बघतात आणि छातीवर बोटीचं स्टिकर लावतात. आमचा नंबर तिने यादीत शोधला. सापडला. पण त्यापुढे आधीच खूण झाली होती. तिने रांगेत पुढे उभ्या असलेल्या एका कुटुंबाकडे हात केला. ती मंडळी नाशिकची निघाली. त्यांच्या फोनवरचं व्हाउचर आणि आमचं आम्ही शेजारी धरून बघितलं. नंबर तोच, तारीख तीच, माणसं चार. नाव तेवढं वेगळं. आणि मग मला ते दिसलं, जे सहा आठवडे माझ्या फोनमध्ये असून दिसलं नव्हतं: बाकीच्या मजकुरापेक्षा माझ्या नावाची अक्षरं किंचित जाड होती आणि ओळीच्या जरा खाली बसली होती. त्यांच्याही नावाची तशीच. म्हणजे ते बुकिंग त्यांचंही नव्हतं. ते आमच्याआधी दहा मिनिटं पोचले होते, एवढंच.

पूर्ण पैसे भरून जायची आमची तयारी होती, पण त्या बोटीत जागा नव्हती. सासूबाई म्हणाल्या, “अगं, राहू दे. काठावरून बघू की.” तिथल्या काठावरून देऊळ दिसत नाही. दुसऱ्या दिवशी था तियेन धक्क्यावरून छोट्या होडीने मोजक्या बाथमध्ये पलीकडे गेलो आणि देऊळ बघितलं, उन्हात. पण त्या संध्याकाळी त्यांचा उतरलेला चेहरा माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

सफारी वर्ल्डला निघण्याआधी आम्ही तिकिटांचे नंबर स्वतःच विचारून घेतले. ते अस्तित्वातच नव्हते. कूपन पॅकचं तर काय सांगावं. बँकॉकच्या मोठ्या मॉलमध्ये परदेशी पर्यटकांना पासपोर्ट दाखवला की सवलतीचं कार्ड फुकट मिळतं. आम्ही त्याचे ९९९ रुपये दिले होते.

पैसे परत मागितल्यावर त्याने एक क्यूआर पाठवला: “रिफंडचा आहे, स्कॅन करून पिन टाका, पैसे जमा होतील.” नवरा वैतागलेला होता, हात पुढे गेलाही. लेक ओरडली, “बाबा, पैसे यायला पिन लागत नाही!” पोरीने तेवढं वाचवलं. त्यानंतर त्याचा फोटो गायब झाला आणि आमच्या मेसेजवर एकच टिक राहिली.

परत आल्यावर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला आणि सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार नोंदवली. त्यांनी यूपीआयचा बारा आकडी व्यवहार क्रमांक, तारीख, स्क्रीनशॉट, सगळं नीट घेतलं. पण पैसे गेल्याला तेव्हा दीड महिना झाला होता. खात्यात अडकवून ठेवायला काही उरलंच नव्हतं. बँकेचं म्हणणं, पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत. कार्डाने कंपनीच्या खात्यात भरले असते तर निदान बँकेकडे वाद नोंदवून ते परत मागायची वाट असती. आमचे पैसे आजपर्यंत आलेले नाहीत. आणि पैशांपेक्षा मला जास्त घोर आहे तो त्याच्याकडे असलेल्या चार पासपोर्टांच्या प्रतींचा.

आता आज का लिहिते आहे ते. काल शाळेत आमच्या एका मॅडमनी मला फोन दाखवला. डिसेंबरात व्हिएतनामला चालल्या आहेत. नंबर नवा, ट्रॅव्हल्सचं नाव नवं, पण खाली तेच वाक्य, स्वल्पविरामासकट: “ई-सिमचा क्यूआर तिथे उतरल्यावरच स्कॅन करा, नाहीतर दिवस इथूनच सुरू होतील.” मी त्यांना तिथेच, स्टाफरूमच्या वायफायवर, तो स्कॅन करायला लावला. फोनने सांगितलं की कोड वैध नाही. मग क्रूझवाल्यांच्या साइटवरचा मेल पत्ता शोधून बुकिंग नंबर पाठवला, कुणाच्या नावावर आहे आणि किती माणसांचं आहे ते विचारायला. तासाभरात उत्तर आलं: दोन माणसांचं, दुसऱ्याच नावाने.

त्यांनी पैसे रविवारी भरले होते. चारच दिवस झालेत. मधल्या सुट्टीत आम्ही दोघी १९३० ला फोन लावून बसलो होतो, व्यवहार क्रमांक कागदावर लिहून. तक्रार नोंदली गेली आहे, ते खातं अजून सुरू आहे असं कळलंय.