वायर बदलताना पीव्हीसी, रबर, सुती की तयार कॉर्ड?

माझ्या ड्रिल मशिनची वायर बाहेरून धडधाकट होती. हँडलपासून चार बोटांवर दाबली की मशिन चालू, सोडली की बंद. म्हणजे आतली तार तुटलेली. कोपऱ्यावरच्या दुकानातून चांगली जाडजूड पांढरी वायर आणून जोडली, तर सहा महिन्यांत तीही तिथेच तुटली. वायर मजबूत होती, पण वाकायच्या कामाची नव्हती.

वायरचा मऊपणा दोन ठिकाणी असतो, आतल्या तारांच्या बारीकपणात आणि वरच्या आवरणात. 1 चौरस मिमीच्या कॉर्डमध्ये, म्हणजे उपकरणाला लावायच्या लवचिक वायरमध्ये, साधारण 0.2 मिमी जाडीच्या 32 तारा असतात. भिंतीतल्या वायरिंगसाठी मिळणाऱ्या तेवढ्याच मापाच्या वायरमध्ये 0.3 मिमीच्या 14 असतात. तांबं जवळपास तेवढंच, पण जाड तारा वाकून वाकून लवकर तुटतात. त्यामुळे घराच्या वायरिंगमधून उरलेली वायर पिळून टेबल फॅनला लावणं हा उद्योग करू नका. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लोहार चाळीत जुना दुकानदार अजून ‘तेवीस-शहात्तर’, ‘चाळीस-शहात्तर’ म्हणतो. चाळीस तारा, प्रत्येक 0.0076 इंचाची, असा त्याचा अर्थ.

ड्रिल, ग्राइंडर, कटर यांना मी आता रबरीच लावतो. पीव्हीसी, म्हणजे प्लास्टिकच्या आवरणाची, स्वस्त असते, रंगात मिळते, पुसली की स्वच्छ होते. पण गुंडाळून ठेवली की वेटोळ्याची सवय मोडत नाही आणि थंडीत ताठ होते. रबरी केबल हातातून सोडली की जमिनीवर दोरीसारखी पडते. ग्राइंडरची गरम ठिणगी पडली तर पीव्हीसी वितळून खड्डा पडतो, रबर बरंच सोसतं. वर एच०५आरएन-एफ किंवा एच०७आरएन-एफ असं छापलेलं असतं. दुसरी जास्त दणकट आणि अर्थात जाड. घरच्या ड्रिलला पहिली पुरते. रबर महाग पडतं आणि लहान दुकानात मिळत नाही, एवढीच तक्रार. मिक्सर, पंखा, टेबल लॅम्प जागचे हलत नाहीत, तिथे रबरावर पैसे घालवण्यात अर्थ नाही. चांगली आयएसआय पीव्हीसी घ्या.

इस्त्रीचं गणित वेगळं आहे. 1000 वॅटची इस्त्री 230 व्होल्टवर साडेचार अँपिअरसुद्धा घेत नाही, त्यामुळे 0.75 चौरस मिमीची पीव्हीसी वायर विजेच्या हिशेबात सहज पुरते. पण साधं पीव्हीसी 70 अंशांपर्यंतचं असतं, आणि इस्त्रीचा तवा कधी ना कधी वायरला टेकतोच. म्हणून तिथे वरून सूत विणलेली, ठिपक्याठिपक्यांची जुनी वायरच बरी. दिसायला आजीच्या काळातली, पण तवा लागला तर सूत करपतं, लगेच वितळत नाही. करपलेला भाग दिसला की मात्र बदलायची, चिकटपट्टी गुंडाळून वेळ मारून न्यायची नाही. सोल्डरिंग आयर्नला सिलिकॉनची सर्वांत मऊ आणि 180 अंश सोसणारी. पण ती चिरते लवकर, म्हणून ग्राइंडरला नको.

तयार, साच्यात ओतलेल्या टॉपची (प्लगची) कॉर्ड घ्यावी ती वायर उपकरणापासून ओढून सुटी होत असेल तरच. तिथे उघडाउघडीचा प्रश्नच नाही. रेडिओला आठाच्या आकड्याची, लॅपटॉपच्या अडॅप्टरला तीन गोलांची, एवढं दुकानदार बघूनच देतो. किटलीचं तेवढं नीट बघा. किटलीच्या कॉर्डला खालच्या कडेला एक खाच असते; ती 120 अंशांसाठीची खूण. कॉम्प्युटरच्या कॉर्डला खाच नसते, ती 70 अंशांची. किटलीची कॉर्ड कॉम्प्युटरला बसते, उलट बसत नाही. खाच नसलेल्या कॉर्डला ब्लेडने खाच करून देणारे लोक मी पाहिले आहेत!

कुठलीही घ्या, पैसे देण्याआधी टोक सोलून एक तार ब्लेडने खरवडा. बाहेरून लाल आणि आतून पांढरी निघाली तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम आहे, परत करा. बाहेरून पांढरी आणि आतून लाल असेल तर घाबरू नका, कथिल चढवलेलं तांबं आहे, रबरी केबलमध्ये ते नेहमी दिसतं.

जुन्या वायरचा वीतभर तुकडा खिशात ठेवून जा. जुनीत आवरणाच्या आत वेगवेगळ्या रंगांच्या तीन वायरी असतील तर नवीतही तीनच हव्यात. इस्त्रीची हिरवी-पिवळी, म्हणजे अर्थिंगची, वायर कापून दोनांवर भागवू नका. ड्रिलवर चौकोनात चौकोन अशी दुहेरी इन्सुलेशनची खूण असेल तर अर्थिंग लागत नाही, तिथे मात्र दोनच पुरतात. आणि जाडी जुळवा, कारण मशिनच्या आत वायर दाबून धरणारी क्लॅम्प आणि तोंडाशी वायर एकदम वाकू न देणारी रबरी नळी ठराविक मापाची असते. माझी पांढरी वायर त्या नळीत शिरत नव्हती, म्हणून मी नळीच काढून टाकली होती.