डार्क स्लाइड घरी राहिली म्हणाला, आणि मी ९२,००० देऊन आलो

लिहू की नको यातच तीन आठवडे गेले. लाज वाटत होती. पण परवा, ज्या जुन्या हॅसलब्लाड कॅमेऱ्याच्या जाहिरातीत मी फसलो तीच पुन्हा दिसली (ते शेवटी सांगतो) आणि डोकंच फिरलं. म्हटलं माझे गेले ते गेले, अजून कोणाचे जायला नकोत. घरी मी कॅमेरा ६०,००० ला घेतला असं सांगितलंय. खरा आकडा ९२,०००. ५,००० टोकन, ३७,००० यूपीआय आणि ५०,००० रोख. आता घरचेही हे वाचतील, वाचू देत.

आधीच सांगतो, मी या प्रकारात नवखा नाही. सात वर्षं यशिका मॅट हा फिल्म कॅमेरा वापरतोय, १२० चे फिल्म रोल घरी बाथरूममध्ये स्वतः डेव्हलप करतो. नोकरी नाशिकच्या सातपूरला, कंपनीत, आणि काम काय तर बाहेरून आलेला माल तपासून घेणं. गेजमध्ये बसला नाही तर मी अख्खा लॉट परत पाठवतो, सप्लायर कितीही ओळखीचा असो. त्यामुळे "तुला कळलं कसं नाही रे" हा प्रश्न मला जितका लागतो तितका बहुतेक दुसऱ्या कोणाला लागणार नाही.

हॅसलब्लाड कशाला पाहिजे होता? २०१५ च्या सिंहस्थात मी डिजिटलवर नऊ हजारांच्या वर फोटो काढले, आज ते एका हार्ड डिस्कमध्ये पडून आहेत, एकाचीही प्रिंट नाही. या सिंहस्थाला चौकोनी निगेटिव्हवरच करायचं असं ठरवलं होतं. रामकुंडावर गर्दीत यशिकाचा रोल बदलत बसता येत नाही, बारा फ्रेम झाल्या की संपलं. हॅसलब्लाडला मागचं मॅगझिनच (फिल्म असते तो डबा) काढून दुसरं लावायचं, एकात ब्लॅक अँड व्हाइट, एकात कलर, रोल अर्धा असला तरी चालतं. म्हणजे हौस होती पण उगाच केलेली उधळपट्टी नव्हती. ५४,००० ची आरडी मोडली आणि ३८,००० दिवाळीचा बोनस.

जाहिरात होती हॅसलब्लाडच्या ५०० सीएम मॉडेलची, ८० एमएम प्लॅनार लेन्स, ए१२ मॅगझिन, वरून बघायचा फाइंडर. किंमत १,१०,०००. मी वर्षभर नजर ठेवून होतो, असा धड सेट मला सव्वा लाखाच्या खाली कुठे दिसला नव्हता. फोन केला तर माणूस इतका मऊ बोलणारा, प्रत्येक वाक्यात दादा. वडिलांचा स्टुडिओ होता, ते गेले, आईला ते सामान बघवत नाही, चांगल्या हातात जावं एवढीच इच्छा. दोन फोनमध्ये ९२,००० वर आला. फार सहज आला. तेव्हा मला वाटलं माझं बोलणं पटलं त्याला.

मग व्हिडिओ कॉल. कॉलवर त्याने सगळं दाखवलं. मॅगझिन काढलं, मागचे दोन फ्लॅप (फिल्मसमोरची उजेड अडवणारी झाकणं) उघडझाप करून दाखवले, लेन्समधून टॉर्च मारला, एक सेकंदाचं शटर ऐकवलं. सगळं स्वच्छ. मी कॉल रेकॉर्ड केला नाही आणि बॉडीचा नंबर वाचून घेतला नाही. तेव्हाच तो नंबर कागदावर लिहून घेतला असता तर पुढचं काही झालंच नसतं.

चार दिवसांनी भेट, मुंबई नाक्याजवळ एका पेट्रोल पंपासमोर. मी म्हणत होतो दुपारी या, कॉलेज रोडला कुठेतरी बसू, उजेडात बघू. तो म्हणाला दादा मी पुण्याला निघालोय, द्वारका चौकात ट्रॅफिक लागायच्या आत सटकायचंय, जाता जाता देतो. आला पावणेसात वाजता. नोव्हेंबर, पूर्ण अंधार. गाडीत बसूनच कॅमेरा हातात दिला.

आता नीट वाचा.

मी पहिलं काय केलं तर मॅगझिन काढायला गेलो. निघेना. तो म्हणाला, "दादा, आत रोल आहे, तुमच्यासाठीच टाकलाय, पाच-सहा फ्रेम शिल्लक आहेत. आणि डार्क स्लाइड नेमकी घरी टेबलावर राहिली. उद्या कुरियर करतो."

वापरणाऱ्यांना माहीत आहे, बाकीच्यांसाठी सांगतो. डार्क स्लाइड म्हणजे मॅगझिनमध्ये सरकवायची पातळ पत्र्याची पट्टी, ती आत असल्याशिवाय हॅसलब्लाडचं मॅगझिन बॉडीवरून सुटतच नाही, फिल्मला उजेड लागू नये म्हणून तशीच रचना आहे. म्हणजे पट्टी नाही तर मॅगझिन निघणार नाही. मॅगझिन निघणार नाही तर मागचे फ्लॅप दिसणार नाहीत, लेन्समधून आरपार टॉर्च मारता येणार नाही, बॉडीचा नंबर दिसणार नाही कारण तो मॅगझिनच्या आड असतो. एक पट्टी नसली की सगळी तपासणीच बंद. आणि चार दिवसांपूर्वी याच माणसाने व्हिडिओवर माझ्या डोळ्यांसमोर मॅगझिन काढलं होतं! तेव्हा पट्टी होती ना? हे मला तिथे, त्या गाडीत, आठवलं. खरंच आठवलं. मनात आलं की विचारावं, आणि मी विचारलं नाही, कारण त्याच वेळी तो वडिलांबद्दल काहीतरी सांगत होता आणि मधे तोडणं बरं दिसलं नसतं. रात्री झोपेतून उठून मी अजून त्याच क्षणाशी येतो.

बरं, मग म्हटलं लेन्स तरी काढून बघतो. तर म्हणाला, "नको दादा, चार्ज नसताना लेन्स काढली तर जाम होतो, माहितीये ना तुम्हाला." माहीत होतं, म्हणून तर गप्प बसलो. ते खरंच आहे, बॉडी आणि लेन्स दोन्ही कॉक (म्हणजे आतली स्प्रिंग ताणून चार्ज) झालेली नसतील तर अडकतं आणि सोडवायला स्क्रूड्रायव्हर घालावा लागतो. पण अरे, बाजूचा क्रँक (फिरवायचा दांडा) पूर्ण फिरवून कॉक केला की लेन्स बिनधोक निघते! अर्धं खरं सांगून त्याने मला गप्प केलं आणि उरलेलं अर्धं मला माहीत असून सुचलं नाही. शटरचं पण तेच. एक फ्रेम सेकंदाच्या १/१२५ वर मारू दिली, आवाज टणटणीत. एक सेकंदावर लावायला गेलो तर म्हणे फ्रेम वाया जातील, रोल किती महाग झालेत. याचं शटर लेन्समध्येच असतं आणि जुन्या लेन्सचं दुखणं नेहमी स्लो स्पीडमध्येच असतं, फास्ट स्पीड ऐकून काही कळत नाही. १, १/२, १/४, १/८ हे सगळे कानाने ऐकल्याशिवाय खिशात हात घालू नका.

३७,००० यूपीआय केले तेव्हा स्क्रीनवर नाव भलत्याच बाईचं. म्हणाला बहिणीचं खातं. ५०,००० रोख, कारण "खात्यावर मोठी रक्कम नको". आधीचे ५,००० टोकनही त्याच खात्यावर गेले होते आणि तेव्हा मी नाव वाचलंसुद्धा नव्हतं. दहा मिनिटांत सगळा व्यवहार झाला, पावती नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे गोदाघाटावर जाऊन उरलेल्या फ्रेम मारल्या, धुकं होतं, उजेड सुंदर होता. घरी येऊन रोल काढायला अख्खा कॅमेराच चेंजिंग बॅगमध्ये (उजेड न जाणारी पिशवी) घातला, मॅगझिन बॉडीवर असतानाही आतला इन्सर्ट (रोल बसवायचा भाग) ओढून काढता येतो. रोलचं टोक शोधतोय, शोधतोय, बोटांना नुसता कागद लागतोय. फिल्म नव्हतीच. जुन्या रोलचा बॅकिंग पेपर, म्हणजे फिल्ममागचा कागद, गुंडाळून भरला होता, फ्रेम मोजणारा काउंटर फिरावा एवढ्यासाठी. म्हणजे ज्या रोलला उजेड लागू नये म्हणून मी मॅगझिन काढायचा हट्ट सोडला तो रोलच नव्हता. मी बाथरूममध्ये किती वेळ तसाच बसलो मला आठवत नाही.

ओळखीचे एक स्टुडिओवाले काका आहेत, पूर्वी लग्नाचं काम मिडियम फॉरमॅटवर (अशाच १२० च्या रोलवर) करायचे. त्यांनी कुठून तरी १,८०० ला डार्क स्लाइड मिळवून दिली. मॅगझिन काढलं. मागचा एक फ्लॅप वाकलेला, पूर्ण मिटत नाही. हॅसलब्लाडमध्ये आपण बघत असताना लेन्स उघडीच असते, फिल्मला उजेडापासून वाचवतात ते आरसा आणि हे फ्लॅप, म्हणजे इथे प्रत्येक फ्रेमवर धुरकट पट्टा नक्की. लेन्समधून टॉर्च मारला तर कडेपासून कोळ्याच्या जाळ्यासारखी फंगस, म्हणजे बुरशी. एक सेकंद म्हणजे जवळजवळ तीन सेकंद, आणि दोनदा तर शटर उघडंच राहिलं. आरशाखालचा फोम चिकट लगदा झालेला. इन्सर्टवर तीन आकडे असतात ते मॅगझिनच्या नंबरच्या शेवटच्या तीन आकड्यांशी जुळायला हवेत, इथे दोन्ही वेगळे, म्हणजे दोन मोडक्यांचं जोडून एक केलेलं. आणि बॉडी. तो १९८८ ची म्हणाला होता. नंबरच्या सुरुवातीला दोन इंग्रजी अक्षरं असतात, तेच साल. व्ही १, एच २, पी ३, आय ४, सी ५, टी ६, यू ७, आर ८, ई ९, एस ०. माझ्यावर यूएच, म्हणजे १९७२. हे कोष्टक मला पाठ होतं, फक्त नंबर बघायला मिळाला नाही, किंवा मी बघितला नाही, काय म्हणायचं ते म्हणा.

मुंबईच्या रिपेअरवाल्याने अंदाज दिला, लेन्स १४,०००, बॉडी ११,५००, मॅगझिनचे सील ३,५००, एकूण २९,०००. आणि फंगसने कोटिंग खाल्लंय ते परत येणार नाही हे वर.

त्याचा फोन तीन दिवस लागत होता, "कुरियर केलंय दादा". मग बंद.

आता पोलीस. पहिल्या दिवशी दोन तास बाकावर, साहेब बंदोबस्ताला गेलेत. दुसऱ्या दिवशी म्हणाले ऑनलाइन जाहिरात आहे ना, सायबरला जा. सायबरवाले म्हणाले तुम्ही समोर भेटून वस्तू घेतली, पैसे स्वतःच्या हाताने पाठवले, आमच्यात बसत नाही. परत पहिल्या ठिकाणी. तिथे हद्दीचा वाद, पंप रस्त्याच्या या बाजूला आणि गाडी उभी होती त्या बाजूला. मी म्हटलं साहेब, हद्द कोणतीही असली तरी झिरो एफआयआर घेता येतो, भारतीय न्याय संहितेत कलम ३१८ आहे फसवणुकीचं. तर म्हणाले मोबाइलवर वाचून आम्हाला कायदा शिकवू नका. कॅमेरा चालतोय की, आवाज येतोय. मग एकाने विचारलं, "एवढ्या जुन्या डब्याला ब्याण्णव हजार कशाला दिले?" सगळ्यांसमोर. मी पन्नाशीला आलेला माणूस, हातात पिशवीत कॅमेरा धरून उभा. ज्याने लुटलं त्याला कोणी एक प्रश्न विचारला नाही, मला मात्र सगळे विचारत होते. कॅमेरा खराब असल्याचं अधिकृत सर्टिफिकेट आणा म्हणाले, ते देतं कोण हे त्यांनाही माहीत नव्हतं. बँक म्हणते खातेदाराची माहिती हवी तर पोलिसांचं पत्र आणा, पोलीस म्हणतात बँकेचं स्टेटमेंट पुरेसं नाही, तिकडून लेखी आणा. ५०,००० रोखीचा तर विषयच नाही, "पुरावा काय?" ग्राहक न्यायालयाचंही विचारून झालं, खाजगी माणसाने घरची वस्तू विकली तर तो दुकानदार ठरत नाही, दाद मिळणं अवघड. सहा फेऱ्या, चार हाफ डे, आणि हातात काय तर साध्या अर्जाची पोच, तीसुद्धा शिक्का मारल्याशिवाय हलणार नाही म्हणून अडून बसलो तेव्हा मिळाली. असं झालं तर शिक्क्याशिवाय बाहेर पडू नका. आणि गुन्हा नोंदवून घेतच नसतील तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ (४) खाली वरिष्ठांना पोस्टाने लेखी तक्रार पाठवता येते, मी रजिस्टर्ड पाठवली आहे, उत्तर यायचंय. पैसे ऑनलाइन गेले असतील तर वाट न बघता त्याच तासात १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा. मी अकरा दिवसांनी केला, तोवर काय राहणार आहे.

रोख देऊ नका, हे मला कोणीतरी आधी ओरडून सांगायला हवं होतं. देणं भागच असेल तर रक्कम शंभर-पाचशेची असो की पन्नास हजारांची, पावती, सही, आणि बॉडी, लेन्स, मॅगझिन तिन्हीचे नंबर त्यावर. स्वतःचा रोल घेऊन जा, त्याचा आत असेल तर त्याची किंमत त्याच्या हातावर ठेवा आणि उघडा. गाडीत बसून व्यवहार नको.

आता ती जाहिरात. परवा वेगळ्या नावाने, वेगळ्या नंबरवरून, ठिकाण संभाजीनगर, किंमत ९८,०००. मजकूर तोच, वडिलांचा स्टुडिओ. फोटोही तेच, म्हणजे मला व्हिडिओवर दाखवलेला चांगला कॅमेरा, माझ्याकडे आलाय तो नाही. स्क्रीनशॉट घेऊन पोलिसांकडे गेलो, ते म्हणाले वेगळा अर्ज द्या. दिलाय. तोवर तुम्ही ओळखून ठेवा. निळ्या चौकड्यांचा टेबलक्लॉथ, मागे तपकिरी लाकडी कपाट, कॅमेऱ्याच्या डाव्या बाजूचं काळं लेदर खालच्या कोपऱ्यात नखाएवढं उचकटलेलं, आणि चौथ्या फोटोत मॅगझिन काढून शेजारी ठेवलंय, त्यात डार्क स्लाइड लावलेली स्पष्ट दिसते.