एल्क हेअर कॅडिस : एका अख्ख्या मोसमाचा अनुभव

मध्य पेनसिल्व्हेनियातल्या नद्यांवर एप्रिलपासून पानगळीपर्यंत ट्राउट मासे पकडायला मी बहुतेक वेळा एकच कृत्रिम माशी (किड्यासारखं दिसणारं आमिष) लावली: एल्क हेअर कॅडिस, तपकिरी, १४ आणि १६ नंबरच्या गळावरची (नंबर जितका मोठा, तितका गळ लहान). खळाळत्या पाण्यात हिला तोड नाही, असं माझं ठाम मत झालंय.

अशा माश्या बांधणाऱ्या ॲल ट्रॉथने ही १९५७ मध्ये याच राज्यात बांधली. कॅडिस हा पाण्याकाठचा पतंगासारखा किडा बसला की पंख कौलारू छपरासारखे अंगावर मिटतो. तोच आकार इथे एल्क या मोठ्या हरणाच्या केसांचा झुपका देतो. हे केस आतून पोकळ असतात, त्यामुळे माशी बुडत नाही. खाली कोंबड्याचं पीस अंगभर गुंडाळलेलं असतं आणि ते दातांनी तुटू नये म्हणून त्यावरून बारीक तार उलटी फिरवलेली असते. फिकट केसांमुळे संध्याकाळी उजेड कमी झाला तरी माशी कुठे आहे ते दिसतं. मला तिचा हा गुण सगळ्यात मोलाचा वाटतो.

पेन्स क्रीक या तिथल्या ओढ्यावर एप्रिलच्या उत्तरार्धात ग्रॅनम जातीचे कॅडिस पाण्यातून बाहेर निघतात, तेव्हा १४ नंबर लावावा. एरवी कोरडी माशी (पाण्यावर तरंगणारी) प्रवाहाबरोबर अगदी मोकळी वाहू द्यावी लागते. हिला मात्र मध्येच हलका झटका दिलेला चालतो, कारण अंडी घालायला आलेली मादीही पाण्यावर अशीच फडफडते. कितीतरी मासे त्या झटक्यालाच वर आले.

संथ, नितळ डोहात मात्र हिचा भरवसा धरू नका. ट्राउट खालून येतो, नाक लावण्याइतका जवळ येऊन निरखतो आणि परत फिरतो. तिथे पोटाखालचं पीस कात्रीने सपाट कापलं की माशी पाण्यालगत बसते आणि थोडा फरक पडतो. एक मासा लागून गेला की त्याच्या बुळबुळीने केस जड होतात. माशी पाण्यात खळबळून धुवा, रुमालात दाबा आणि मगच सुकवायची पावडर लावा.

ऑनलाइन मागवलेल्या स्वस्त माश्यांचे पंख दोन-तीन मासे लागताच उपटून आले. दोरा सैल बांधलेला होता. विकत घेताना झुपका चिमटीत धरून हळूच ओढून बघा, केस हातात आले तर ती माशी घेऊ नका. आणि गळाच्या टोकामागचा उलटा काटा पक्कडने दाबून टाका. मासा पाण्यातच, हात न लावता सुटतो.